राघूचं पिल्लू घरात आलं तर

माघ-फाल्गुनात पोरं जुन्या झाडाच्या ढोलीतून राघूचं पिल्लू हौसेनं घरी आणतात. आयाबहिणींनो, त्याला दूध-भात भरवू नका. पाखरांना दूध पचत नाही, हगवण लागते. चोचीत पाणी ओतलं तर श्वासनळीत जातं. पिसं फुगवून, डोळे मिटून बसलं तर ते गारठलेलं किंवा आजारी समजा. खोक्यात सुती फडकं घालून उबेला ठेवा, पण चुलीच्या धुरापासून लांब. चावतं ते भीतीनं, मारू नका. मिरचीनं राघू बोलका होतो हे थोतांडच! आणि राघू पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. ढोली ठाऊक असेल तर पिल्लू परत ठेवा. माणसाचा हात लागला म्हणून आई टाकत नाही. नाहीतर वनरक्षकाला कळवा.