कूपरेज: प्रेक्षक नव्हते, की प्रेक्षकांना जागाच नव्हती?

१/ 'मुंबई क्रिकेटची, फुटबॉलला येथे प्रेक्षकच नाही', हे वाक्य इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की आता ते इतिहास म्हणून खपते. कूपरेज मैदान त्याविरुद्ध साक्ष देते.

२/ रोव्हर्स चषक मुंबईत १८९१ साली सुरू झाला. पहिला विजेता वूस्टरशायर रेजिमेंटचा संघ. पुढेही दीर्घकाळ गोऱ्या पलटणींचीच सद्दी. ती १९३७ साली बंगलोर मुस्लिम्सने मोडली. सय्यद अब्दुल रहीम यांच्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने तर १९५० ते १९५४ असा सलग पाच वेळा चषक नेला. मोहन बागान, ईस्ट बंगाल, डेम्पो येथे खेळले. टाटा, कॅल्टेक्स, मफतलाल हे मुंबईच्याच कंपन्यांचे संघ. (कॅल्टेक्सचा संघ होता, हे आज किती मुंबईकरांना ठाऊक आहे?) प्रेक्षकांविना शतकभर कोणती स्पर्धा तगते?

३/ २०००-०१ नंतर रोव्हर्स बंद पडला. चर्चगेटहून पायी गाठता येणाऱ्या या मैदानाची आसनक्षमता आज जेमतेम पाच हजारांच्या आसपास. २०१४ साली इंडियन सुपर लीग आली, तेव्हा मुंबई सिटीचे घरचे सामने झाले खाडीपलीकडे, नेरूळच्या डी. वाय. पाटील क्रीडांगणावर; २०१६ पासून अंधेरीत.

४/ कार्यालय सुटल्यावर लोकलने खाडी ओलांडायची, सामना पाहून रात्री परतायचे, आणि वर ऐकायचे की मुंबईकरांना फुटबॉलची आवड नाही! कलकत्त्यात सॉल्ट लेकचे अवाढव्य क्रीडांगण १९८४ साली उभे राहिले. मुंबईत फुटबॉलसाठी तसे काय बांधले गेले, हे आधी विचारावे. प्रेक्षकांची झडती मग घ्यावी.