जन्माने संशयित

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. १९५२ साली तो कायदा रद्द झाला. पोलिसांची नजर मात्र बदलली काय? महाराष्ट्रातील २००३ च्या दरोडा व खुनांच्या एका खटल्यात भटक्या जमातींतील सहा गरीब मजूर आरोपी झाले. त्या हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रीने पोलिसांनीच दाखविलेल्या छायाचित्रांतून निराळेच चौघे ओळखले होते. त्या चौघांचा तपासच झाला नाही! २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी ठोठावली, आणि २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. गरिबीमुळे व जमातीमुळे ते गोवले गेल्याची शक्यता बोलून दाखविली. सोळा वर्षांच्या तुरुंगवासाची भरपाई प्रत्येकी पाच लाख रुपये.

पण दोष एकट्या पोलिसांच्या माथी मारून आम्हां पांढरपेशांना मोकळे होता येणार नाही. घरफोडी झाली की गावाबाहेरच्या पालांकडे पहिले बोट आपणच दाखवितो, आणि शिपाई त्याच बोटाच्या दिशेने जातो. म्हणून आमची मागणी साधी आहे: साक्षीदाराने ज्यांना ओळखले त्यांना का वगळले, याचे लेखी उत्तर तपास अधिकाऱ्याने आरोपपत्रासोबतच न्यायालयात द्यावे.