रुग्ण घरी गेल्यानंतर

हृदयविकाराच्या झटक्यातून बचावलेला रुग्ण इस्पितळातून घरी परततो तेव्हा त्याच्या हाती औषधांची चिठ्ठी असते आणि कानांत ‘रोज चालत जा’ हा उपदेश. चिठ्ठी टिकते, उपदेश मात्र पंधरवड्यात विरतो. छातीत पुन्हा कळ येईल या धास्तीने रुग्ण खुर्ची सोडत नाही आणि घरची माणसेही मायेपोटी त्याला उठू देत नाहीत.

यावर सिडनीतील संशोधकांनी साधा उपाय योजला. ७१० हृदयरुग्णांपैकी सुमारे निम्म्यांना सहा महिने, आठवड्यातून चार वेळा, मोबाइलवर व्यायाम, आहार व धूम्रपान यांविषयी छोटे संदेश धाडण्यात आले. २०१५ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष बोलके आहेत. संदेश मिळालेल्यांचा व्यायाम वाढला. त्यांचा रक्तदाब व कोलेस्टेरॉल इतरांहून कमी राहिले. त्यांच्यात धूम्रपान करणारे २६ टक्के उरले, इतरांत ४३ टक्के.

तथापि हा रामबाण उपाय नव्हे. ऑस्ट्रेलियातच १,४२४ रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, संदेशांमुळे औषधे नियमित घेण्यात लक्षणीय फरक दिसला नाही. किती चालावे आणि कधी थांबावे, हेही डॉक्टरांनीच ठरवावयाचे असते. संदेश डॉक्टरांची जागा घेत नाही. तो त्यांचा शब्द जागता ठेवतो.

यास खर्च अल्प आणि साधा फोनही पुरेसा. महाराष्ट्रातील इस्पितळांनी सोप्या मराठीत हा प्रयोग अवश्य करावा. रुग्णाला घरी धाडले म्हणजे कर्तव्य संपले, असे मानणे त्याच्या जिवावर बेतू शकते.