विलायतेतले घर, भिंतीतली ओल

मुलगा-सून इंग्लंडमध्ये घर घेणार म्हटले, की इकडे आईवडील ठेवी मोडायच्या तयारीला लागतात. बँकेने कर्ज मंजूर केले म्हणजे घर तपासलेच असणार, अशी आपली समजूत असते. पण वाचकहो, बँकेचा माणूस पाहतो ते कर्जाच्या तारणापुरते. कधी कधी तर तो घरात पाऊलही टाकत नाही.

‘सर्व्हे’ म्हटले की आपल्याला सिटी सर्व्हे, मोजणी, उतारा आठवतो. तिकडे कागद सॉलिसिटर बघतो. सर्व्हे म्हणजे खुद्द घराची तपासणी. तिथे दोष शोधायची जबाबदारी बरीचशी घेणाऱ्यावरच असते. साध्या, अलीकडच्या घराला ‘लेव्हल 2’ पुरतो. शंभर वर्षांचे किंवा मोडतोड करून वाढवलेले घर असेल, तर ‘लेव्हल 3’ करावा. पैसे जास्त जातात, जाऊ द्यावेत.

खरी डोकेदुखी ओल. बेळगावच्या पावसात वाढलेल्यांना ती नवी नाही. पण तिथली ओल छपरातूनच येते असे नाही. बाहेरची जमीन भराव घालून वाढवली, की पायाजवळचा ओलरोधक थर खाली गाडला जातो आणि पाणी भिंतीत चढते. कधी दोष घराचा नसतोच. थंडीत खिडक्या बंद आणि आत कुकरच्या शिट्ट्या, मग वाफ गार भिंतीवर बसून बुरशी धरते. दोन्हींवर उपाय वेगळे, खर्चही वेगळा. विकणाऱ्याने एकाच भिंतीला ताजा रंग दिला असेल, तर तिथे मुद्दाम बघायला सांगावे.

एजंटाचे कमिशन विकणारा देतो. म्हणून सर्व्हेअर त्याच्या ओळखीचा नको, आपला आपण शोधावा. 1868 साली स्थापन झालेल्या ‘रॉयल इन्स्टिट्यूशन ऑफ चार्टर्ड सर्व्हेअर्स’चा तो सभासद आहे ना, एवढे पाहावे. तो गालिचे उचकटत नाही, वायरिंग आणि गॅसची चाचणीही घेत नाही. त्याला वेगळा माणूस लागतो.

स्कॉटलंडची रीत निराळी. तिथे डिसेंबर 2008 पासून बहुतेक घरांचा तपासणी अहवाल विकणाऱ्यालाच द्यावा लागतो.

इंग्लंडमध्ये करारांची अदलाबदल होईपर्यंत माघार घेता येते. अहवालात लाल शेरा असेल, तर दुरुस्तीचा अंदाज काढून किंमत कमी करून मागायची ती तेव्हाच. नंतर मागे फिरलात, तर भरलेली अनामत, बहुधा किमतीचा दहावा हिस्सा, गमवावी लागू शकते.