सखूच्या मागे दळण कोणी दळले?

इंग्रजीच्या तासाला चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’मधली बाथची बाई भेटली तेव्हा वर्गात हशा पिकला. पाच नवरे केलेली, कापड विणण्यात तरबेज, तीनदा जेरुसलेमला जाऊन आलेली! चौदाव्या शतकाच्या अखेरीस ही बाई घोड्यावर बसून टॉमस बेकेटच्या समाधीकडे निघते. हसता हसता माझ्या मनात आले, ही घरी काय सांगून निघाली असेल?

चॉसर ते सांगत नाही.

मायकेल पॉवेल आणि एमरिक प्रेसबर्गर यांनी १९४४ साली, ऐन युद्धात, ‘अ कँटरबरी टेल’ हा चित्रपट काढला. आरंभी जुन्या काळच्या यात्रेकरूचा ससाणा आकाशात झेपावतो आणि क्षणात त्याचे लढाऊ विमान होते. दोन सार्जंट, एक इंग्रज व एक अमेरिकन, आणि शेतकामाला आलेली एक तरुणी हे आताचे यात्रेकरू. ही मुलगी पूर्वी दुकानात विक्रीचे काम करी. म्हणून तिच्या प्रियकराच्या वडिलांना ती पसंत नव्हती. १९४२ च्या बाँबहल्ल्यात उद्ध्वस्त झालेल्या कँटरबरीत पोचल्यावर तिला कळते, मेला असे समजलेला तो जिवंत आहे. तिचे नाव ॲलिसन. बाथच्या बाईचे नावही ॲलिसनच! पहिलीला पैशाने मोकळीक दिली, दुसरीला युद्धाने.

आमची सखू या दोघींच्या पंगतीला बसवली पाहिजे. महिपतीने १७६२ च्या ‘भक्तविजया’त तिची कथा सांगितली, आणि १९४१ साली, त्याच युद्धाच्या काळात, प्रभातने ‘संत सखू’ पडद्यावर आणला. दिग्दर्शन दामले, फत्तेलाल आणि राजा नेने यांचे. सखू झाल्या होत्या हंसा वाडकर. कऱ्हाडची ही सासुरवाशीण पंढरीला निघू नये म्हणून घरचे तिला खांबाला बांधतात. विठ्ठल तिच्या रूपाने स्वतःला बांधून घेतो, तिला सोडतो, आणि मागे सून होऊन घरकाम करतो. याला भक्तीचा महिमा म्हणून आपण मोकळे होतो. मला ही कथा फार व्यवहारी वाटते. कँटरबरीचे चमत्कार मुक्कामावर घडतात; सखूचा चमत्कार घरी, जात्यापाशी घडतो. बाई बाहेर पडली तर मागचे काम कोणी करायचे, हा प्रश्न इंग्रजांच्या दोन्ही यात्रांत कुणाला सुचत नाही. आमच्या कथेने तो विचारला. पण उत्तराला देवच आणावा लागला. घरात नवरा होता की!

कुणी म्हणेल, आता बायका वारीत डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन आळंदीपासून सुमारे अडीचशे किलोमीटर चालतात. चालतात खऱ्या, आणि त्यांचे कौतुकही आहे. पण आमच्या भटवाडीतल्या एक आजी पहिल्यांदा वारीला गेल्या त्या घरात सून आल्यावर. म्हणजे आजींची यात्रा झाली आणि खांबाला नवी सखू बांधली गेली.

गेल्या आषाढीच्या आधी मी आईला विचारले, “तू का नाही जात?” ती म्हणाली, “आणि पहाटे पाणी कोण भरील?” मी तेव्हा बाथच्या बाईवर टिपण काढीत बसलो होतो. हंडा माझ्यापासून चार हातांवर होता.