ऋण की औदार्य?

विविधता, समता आणि समावेशन ह्या तीन शब्दांवरून अमेरिकेच्या विद्यापीठांत रण माजले आहे. २९ जून २०२३ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड व नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठांची वंशाचा विचार करून प्रवेश देण्याची पद्धत बेकायदा ठरविली. १ जानेवारी २०२४ पासून टेक्सासने सरकारी विद्यापीठांतील ह्या कामाची कार्यालयेच कायद्याने बंद केली. आणि जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी अशा कार्यक्रमांवर सरकारी आदेशाचे शस्त्र उगारले. साडेचार दशके उभी असलेली इमारत इतक्या झटपट का ढासळली? आमच्या मते तिचा पायाच भुसभुशीत होता.

१९७८ सालच्या बॅकी खटल्यात, कॅलिफोर्नियातील एका वैद्यकीय महाविद्यालयाने अल्पसंख्याकांसाठी राखलेल्या १०० पैकी १६ जागा न्यायालयाने रद्द केल्या. वंशाचा विचार करण्याची मुभा उरली ती एवढ्याचसाठी की, वर्गात नाना तऱ्हांचे विद्यार्थी असल्यास सर्वांचेच शिक्षण समृद्ध होते. म्हणजे समाजाने पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या अन्यायाची भरपाई हा मुद्दाच बाजूस पडला! ज्याचे देणे फेडावयाचे, तो वर्गाची शोभा वाढविणारा ठरला. २०२३ साली न्यायालयाने विचारले : ही विविधता मोजावयाची कशी आणि थांबावयाची केव्हा? विद्यापीठांचे उत्तर त्यास पटले नाही. ऋणाला औदार्य म्हटले की, ऋणको मनास येईल तेव्हा हात आखडता घेतो.

ह्या कार्यक्रमांत दोष नव्हते असे नाही. प्राध्यापकपदाच्या उमेदवाराकडून विविधतेविषयीचे निवेदन लिहून घेणे विचारस्वातंत्र्यास शोभणारे नव्हते. एमआयटीने मे २०२४ मध्ये ती प्रथा सोडली, हे योग्यच झाले. परंतु ढेकणांना कंटाळून घरालाच आग लावावी काय? निकालानंतरच्या पहिल्या तुकडीत त्याच एमआयटीतील कृष्णवर्णीयांचे प्रमाण सुमारे १३ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आले. हा गुणवत्तेचा विजय आहे, असे आपल्या मुलांना अमेरिकेस धाडणाऱ्या येथील सुशिक्षितांना वाटत असेल, तर त्यांनी ध्यानी घ्यावे की, माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणाऱ्या झुकत्या मापास त्या निकालाने हात लावलेला नाही. वंश त्याज्य, वशिला मात्र ग्राह्य!

आपल्या देशात १९५१ साली मद्रासमधील प्रवेशांची जातवार वाटणी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, तेव्हा त्याच वर्षी संसदेने घटनेत १५ (४) हे कलम घालून मागासलेल्यांसाठी विशेष तरतूद करण्याचा अधिकार उघडपणे मान्य केला. तिच्याविषयी वाद पुष्कळ, अंमलबजावणीतील उणिवा त्याहून पुष्कळ. पण हेतू लपविलेला नाही. त्या समयी कायदेमंत्री असलेले डॉ. आंबेडकर १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेच्याच कोलंबिया विद्यापीठात शिकावयास गेले होते. त्यांनी वर्गास शोभा आणली की नाही, हा प्रश्नच गौण. बंद दार उघडल्याने एका राष्ट्राचा इतिहास बदलला, हे महत्त्वाचे. अमेरिकेतील समतेच्या कैवाऱ्यांनी आता शोभेची भाषा टाकून ऋणाची भाषा बोलावी. हक्काचे मागणे हक्क म्हणूनच मागितले पाहिजे!