पहिल्या पानावर कोणाचा प्रश्न?

सरकारी डॅशबोर्डच्या पहिल्या पानावर काय असावे, हे आपल्याकडे बहुतेक वेळा वरिष्ठांच्या दालनातल्या बैठकीत ठरते. साहजिकच पानावर येतात ते खात्याला अभिमान वाटणारे आकडे: योजना सुरू झाल्यापासूनचे एकूण लाभार्थी, एकूण मंजूर रक्कम, एकूण अर्ज. एकूण आकडा सहसा खाली येत नाही, म्हणून दाखवणाऱ्याला तो सोयीचा असतो. ज्याचा अर्ज तालुक्याला अडकून पडला आहे त्याला मात्र एवढेच हवे असते, की आपल्या तालुक्यात असा अर्ज निकाली निघायला सध्या किती दिवस लागतात. ते पानावर नसते.

कोविडच्या काळात हा फरक साऱ्या जगाने अनुभवला. २२ जानेवारी २०२० रोजी अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा डॅशबोर्ड सुरू झाला. काळा नकाशा, त्यावर लाल वर्तुळे, कोपऱ्यात जगभरातली एकूण रुग्णसंख्या. जगाची माहिती एका जागी मिळत नव्हती तेव्हा विद्यापीठातल्या छोट्या गटाने ती मिळवून दिली, हे ऋण मोठे आहे. पण वर्तुळे एकूण रुग्णांची असल्यामुळे एखाद्या शहरातली लाट ओसरली तरी तिथला लाल डाग तसाच राही. घरात अडकलेल्या माणसाचा प्रश्न वेगळा होता: माझ्या भागात साथ वाढते आहे की उतरते आहे?

ब्रिटनच्या सरकारी कोविड डॅशबोर्डने पुढे या प्रश्नाला पहिल्या पानावर जागा दिली. पोस्टकोड टाका आणि आपल्या भागाची स्थिती पाहा. गेल्या सात दिवसांची बेरीज, आणि ती आधीच्या सात दिवसांपेक्षा किती कमी-जास्त, तेही शेजारीच. संशोधकांना लागणारी सविस्तर आकडेवारी उतरवून घेण्याची सोय आतल्या पानांवर होती. ही विभागणी मला योग्य वाटते. तज्ज्ञ माणूस दोन पाने आत जाऊन हवे ते शोधतो. सामान्य माणूस पहिल्या पानावरूनच परत जातो.

त्याच डॅशबोर्डने आणखी एक गोष्ट शिकवली. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२० मध्ये एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलची ओळींची मर्यादा ओलांडली गेली आणि १५,८४१ रुग्णांच्या नोंदी मोजणीतून सुटल्या. त्या मागाहून घातल्या गेल्या, तेव्हा ४ ऑक्टोबरचा आकडा २२,९६१ दिसला. खुलासा न वाचता पाहणाऱ्याला वाटावे, एका रात्रीत साथ भडकली. त्याच वर्षी १२ ऑगस्टला कोविड-मृत्यूची व्याख्या बदलली, पॉझिटिव्ह चाचणीनंतर २८ दिवसांच्या आत झालेलेच मृत्यू मुख्य आकड्यात धरायचे ठरले आणि ब्रिटनची एकूण मृत्युसंख्या एका दिवसात पाच हजारांहून अधिक घटली. म्हणून आकडा जिथे असेल तिथेच त्याचा अर्थ हवा, तळटीपेत नको. वाचकाची नजर तळटीपेपर्यंत जाते की नाही, हे पानाचा आराखडा करणाऱ्याने गृहीत धरू नये, डोळ्यांनी पाहावे.

पाहावे म्हणजे काय? नवे पान दाखवून ‘आवडले का?’ असे विचारले की लोक भिडेखातर ‘छान आहे’ म्हणतात. त्याऐवजी काम द्यावे: ‘तुमच्या तालुक्यात गेल्या आठवड्यात किती टँकर चालू होते, ते शोधून सांगा.’ आणि गप्प बसावे. बोट कुठे थबकते, माणूस कुठून मागे फिरतो, शोधताना स्वतःशी कोणता शब्द पुटपुटतो, ते टिपावे. तोच शब्द मग मथळ्यात यावा. विषयांच्या चिठ्ठ्या त्याच्यापुढे ठेवून त्या गटवार लावायला सांगावे. सामान्य माणूस त्या आपल्या कामांप्रमाणे लावतो, खात्यांच्या रचनेप्रमाणे नव्हे.

यासाठी मोठा खर्च लागतो ही सबबही टिकत नाही. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन आणि टॉम लँडॉवर यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या सूत्राच्या आधारे नील्सन यांनी २००० साली हिशेब मांडला: एका माणसाच्या चाचणीत सरासरी ३१ टक्के अडचणी उघड होत असतील, तर पाच माणसांत सुमारे ८५ टक्के होतात. मात्र ही पाच माणसे एकाच प्रकारची हवीत. शेतकरी, ग्रामसेवक आणि पत्रकार यांच्या गरजा वेगळ्या, तेव्हा प्रत्येक गटाची चाचणी वेगळी घ्यावी लागेल. आणि दुरुस्ती झाली की पुन्हा.

कधी कधी अशा निरीक्षणातून कळते की उत्तर आकड्यात नाहीच. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत खाटांचे डॅशबोर्ड होते, पण रिकाम्या खाटेचा आकडा वाचून रुग्णाला थेट गाडीत घालणे कोणालाच परवडणारे नव्हते. तास-दोन तासांत ती खाट भरलेली असे. मुंबईत २४ वॉर्डांच्या वॉर रूम होत्या, तिथे फोन उचलणारी माणसे होती. नातेवाइकाला हवी होती ती खाट मिळवून देणारी व्यक्ती. अशा पानावर सर्वांत वर, सर्वांत ठळक, वॉर्डनिहाय फोन क्रमांक असायला हवा, आकडे त्याखाली.

धरणसाठा, टँकर, पीकविमा, हवेची गुणवत्ता, शाळांतील रिक्त जागा: ही माहिती जनतेच्या पैशाने गोळा होते आणि तिच्यावर पहिला हक्क जनतेचा आहे. राज्यातल्या प्रत्येक खात्याने डॅशबोर्डचे कंत्राट देतानाच अशा चाचण्यांची अट घालावी, त्यांचे निष्कर्ष जाहीर करावेत, आणि चाचण्या साध्या मोबाइलवर, मराठीत, मंत्रालयाबाहेर घ्याव्यात.